एका पावसाळ्याचं किती?

“बाई, शेडला किती लागले?”

हर्णैकडे उतरणारा रस्ता आमच्या दारावरून जातो आणि गाडीची शेड रस्त्याला लागूनच आहे. जाणारा-येणारा थांबतो, मान वर करून पत्रा बघतो आणि हेच विचारतो. गेल्या तीन वर्षांत वाडीत चार नव्या गाड्या आल्या. चौघांनीही शेड बांधण्याआधी मला विचारलं. मी सांगते, “एका पावसाळ्याला सहा हजार तीनशे पंचवीस.” माणूस गोंधळतो. त्याला लाखांतला आकडा हवा असतो. मग मी त्याला ओट्यावर बसवते आणि वही काढते.

दापोली तालुक्यातल्या शाळांत मी बत्तीस वर्षं गणित शिकवलं. खर्चाची वही ठेवायची सवय तेव्हापासूनची. पण छपराचा हिशेब फुटावर न मांडता पावसाळ्यावर मांडायचा, हे मला ३ जून २०२०च्या दुपारने शिकवलं.

बोल्ट राहिले, पत्रे गेले

आमची पहिली शेड २०१६ची. ह्यांनी जुनी मारुती घेतली होती, ती उन्हापावसात राहू नये म्हणून एका कारागिराकडून घाईघाईने करून घेतली. ज्याने सगळ्यात कमी भाव सांगितला त्याला काम दिलं. पत्रा जाड आहे की पातळ, बोल्ट किती अंतरावर आहेत, खांब जमिनीत किती खोल गेलेत, यातलं आम्ही काहीच विचारलं नाही. शेड चार पावसाळे टिकली, आणि चार पावसाळे टिकली म्हणजे चांगली आहे असंच आम्हाला वाटत होतं.

निसर्ग चक्रीवादळ त्या दिवशी दुपारी रायगडच्या किनाऱ्यावर चढलं. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर, मधले झोत १२०चे. आमचा दापोली-मंडणगडचा पट्टा त्याच्या अगदी शेजारी. आम्ही मधल्या खोलीत दार लावून बसलो होतो. बाहेर पोफळी मोडल्याचा आवाज येत होता, त्यात कधीतरी शेडचे पत्रे गेले. ते वेगळे ऐकूसुद्धा आले नाहीत.

संध्याकाळी वारा पडल्यावर मी बाहेर आले. खांब उभे, आडवे पाइप जागच्या जागी, आणि त्या पाइपांना जे-हूकचे बोल्ट तसेच लटकलेले. नट होता, डांबरी वॉशर होता, पत्रा तेवढा नव्हता. दोन दिवसांनी शेजाऱ्यांच्या बागेत पत्रे सापडले. प्रत्येक भोक सदऱ्याचं काज उसवावं तसं एका बाजूला फाटलेलं. बोल्ट तुटला नव्हता, बोल्टाभोवतीचा पत्रा फाटून वर गेला होता. बोल्टही चार-चार नाळी सोडून एक असे मारलेले. पत्रा बोटाने दाबला तर वाकत होता.

त्या रात्री कंदिलाच्या उजेडात मी एक गणित मांडलं. ते इथे देते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. वाऱ्याचा वेग सेकंदाला मीटरमध्ये घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि ०.६ने गुणायचं. उत्तर येतं ते चौरस मीटरवरच्या दाबाचं, न्यूटनमध्ये. इंजिनियर लोक वाऱ्याचा हिशेब इथूनच सुरू करतात. ताशी १२० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३३.३ मीटर. वर्ग १,१११. सहा दशांशाने गुणल्यावर ६६७ न्यूटन, म्हणजे साधारण ६८ किलोचं वजन. छपराचा उतार आणि आकार यांप्रमाणे हा जोर कमीजास्त होतो, कडेला आणि कोपऱ्यांत वाढतो. बाजूने उघड्या शेडमध्ये वारा खालून उचलतो आणि वरून ओढतोही.

आता पत्र्याचं वजन बघा. अर्धा मिलिमीटर जाडीच्या नाळीच्या पत्र्याचं वजन चौरस मीटरला पाच किलोच्या आसपास. म्हणजे पाच किलोच्या वस्तूला ६८ किलोचा जोर वर उचलतो आहे. पत्रा स्वतःच्या वजनाने कधीच बसून राहत नाही. त्याला धरून ठेवतात ते स्क्रू, स्क्रूला धरतो तो सांगाडा, आणि सांगाड्याला धरतो तो जमिनीतला काँक्रीटचा पाया. छप्पर विकत घेताना आपण भाव करतो पत्र्याचा. वादळाशी गाठ पडते ती या बाकीच्यांची.

सहा प्रकार, सहा भाव

पुढची तीन वर्षं ताडपत्रीवर आणि नारळाच्या झापांवर काढली. झाप दर आगोटीला नवे लागतात. ते विणणाऱ्या बायकाही आता वाडीत दोनच उरल्या आहेत. २०२२च्या दिवाळीत मुलाने नवी गाडी घेतली आणि २०२३च्या फेब्रुवारीत मी भाव काढायला बसले. जागा गाडीची, पण वळचणीसकट छपराखाली येणारी जमीन धरली ३०० चौरस फूट, म्हणजे तीन ब्रास, २८ चौरस मीटर. पुढचे आकडे त्या वेळचे, आमच्या भागातले आणि मला मिळालेले आहेत. तुमच्याकडे भाव वेगळे असतील. हिशेबाची रीत मात्र हीच राहील.

पहिला रंगीत पत्रा. लोखंडाच्या पातळ पत्र्यावर जस्ताचा, किंवा जस्त-अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रणाचा थर आणि त्यावर रंग. खाऱ्या वाऱ्यात अ‍ॅल्युमिनियम मिसळलेला थर साध्या जस्तापेक्षा जास्त टिकतो, म्हणून किनाऱ्यावर तोच मागावा. अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याला फुटाला ५५ रुपये, ०.३५च्या पत्र्याला ३८. चढ-जोड धरून ३२० फूट पत्रा लागत होता. जाड पत्र्याचे झाले १७,६००. मग बाकीचं आलं: ६६० किलोचा लोखंडी सांगाडा, कापणं, वेल्डिंग आणि उभारणी धरून किलोला १०५ रुपये, म्हणजे ६९,३००. सहा खांबांचे पाये १२,०००. पन्हळ आणि खाली उतरणारा पाइप ६,०००. स्क्रू आणि कडेच्या पट्ट्या ३,१००. बेरीज १,०८,०००.

ही बेरीज मी दोनदा तपासली. शंभर रुपयांतले पत्र्याचे फक्त सोळा होते. बाकी चौऱ्याऐंशी रुपये पत्र्याखाली, भोवती आणि जमिनीत. पातळ पत्रा घेतला असता तर वाचले असते ५,४४०. लाखाच्या कामात पाच टक्के. २०१६ साली आम्ही नेमके हेच पाच टक्के वाचवले होते.

दुसरा सिमेंटचा पत्रा. फुटाला ३२, त्यामुळे पत्र्याचा खर्च साडेदहा हजारांत. वजन रंगीत पत्र्याच्या अडीचपट, म्हणून सांगाडा थोडा जड, ७०० किलोचा. एकूण १,०५,०००. गंजत नाही, उन्हात कमी तापतो, पावसाचा आवाज कमी. याच्याबद्दल जे बोलायचं आहे ते पुढे बोलते, कारण ते रुपयांत मावत नाही.

तिसरं मंगलोरी कौल. हे आपलं वाटत असलं तरी आपल्याकडे आलं ते गेल्या दीडशे वर्षांत. बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट यांनी १८६५ साली मंगळूरला नेत्रावतीच्या काठी कौलांचा कारखाना काढला. नदीच्या चिकणमातीची, साच्यात दाबलेली, एकमेकांत अडकणारी ही कौलं समुद्रमार्गे किनाऱ्यावर पसरली आणि गवताची शाकारणी व कुंभाराचे नळे मागे पडले. चौरस मीटरला पंधरा कौलं बसतात, एकेक पावणेतीन किलोचं. म्हणजे मीटरला चाळीस किलोच्या वर, पत्र्याच्या आठपट.

कौलाला उतार जास्त लागतो, तीस अंशांच्या आसपास. एक फूट आडवं गेलं की सात इंच वर चढायचं. बारा फुटांची एकपाखी शेड कौलांची करायची तर एक बाजू दुसरीपेक्षा सात फूट उंच होईल. म्हणून दुपाखी करावी लागते, कैची आली, रिपा आल्या, दोन्हीकडे पन्हळ आली. शिवाय तीस अंशांच्या उतारावर छप्पर जमिनीपेक्षा पंधरा टक्के मोठं होतं: ३०० फुटांचं ३४६. मोडतोड धरून कौलं ५००, दर ३८, म्हणजे १९,०००. सांगाडा मात्र ११५० किलोवर गेला, त्याचेच एक लाख वीस हजार. कोने, वाहतूक, चढवणावळ, पाये आणि पन्हळ धरून पावणेदोन लाखांच्या थोडं वर, १,७७,७५०. जुनी घरं पाडणाऱ्यांकडे कौल बारा रुपयांनाही मिळतं. बोटाने वाजवून घ्यावं. टणटणीत वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर आत तडा आहे. पण तिथेही बचत पाचशे कौलांचीच, सांगाडा तेवढाच लागतो.

आमच्या भागात कौलाला आणखी एक भार असतो, वानरांचा. आंब्यावरून छपरावर, छपरावरून पोफळीवर. एका उडीत तीन कौलं जातात. दर वैशाखात कौलं परतायला माणूस लागतो, आणि चढणारी माणसं आता मुंबईला. आमच्या वाडीत कौलांच्या जागी पत्रा आला त्याचं खरं कारण वानर आणि मजूर ही दोन आहेत.

चौथा पारदर्शक पॉलिकार्बोनेट. आतून पोकळ नळ्या असलेला सहा मिलिमीटरचा पत्रा फुटाला ८५. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या धरून १,२७,०००. शहरातल्या सोसायट्यांत तो छान दिसतो. आमच्याकडे टोकं नीट बंद केली नाहीत तर नळ्यांत शेवाळ धरतं. उन्हापासून वाचवणारा थर एकाच बाजूला असतो, ती बाजू चुकून खाली गेली की पत्रा लवकर पिवळा पडतो आणि तडकतो. अख्खं छप्पर याचं करण्यापेक्षा उजेडासाठी एखादीच पट्टी टाकावी, हे बरं.

पाचवा फोम भरलेला दुहेरी पत्रा. खोलीवर टाकायला उत्तम, कारण खाली गारवा राहतो. गाडीला त्याची गरज नाही. पत्र्याचाच खर्च ४५,००० होत होता, तो मी तिथेच खोडला.

सहावा स्लॅब. पाच इंचांचा स्लॅब चौरस मीटरला तीनशे किलोच्या वर भरतो, म्हणजे आमच्या शेडवर पावणेनऊ टन. वारा त्याला हलवत नाही, पण तो पेलायला खांब, तुळया आणि पाये तसेच लागतात. २,४०,००० सांगितले. वर उद्या खोली काढायची असेल तर स्लॅबच घालावा, हे मी कुणालाही सांगेन. नुसत्या गाडीसाठी मात्र आमच्या पावसात तो त्रास आहे. दरसाल तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस, वर खारी हवा. बारीक भेगेतून पाणी सळईपर्यंत जातं, सळई गंजून फुगते आणि खालचा गिलावा पडतो. दापोलीत कितीतरी घरांच्या स्लॅबवर आता पत्र्याची शेड चढलेली दिसेल. छपरालाच छप्पर करावं लागलं.

वहीचं पान

मग मी प्रत्येक प्रकारापुढे तीन रकाने आखले: आज किती, पुढे किती, पावसाळे किती. पावसाळे मी कंपनीच्या कागदावरून धरले नाहीत, वाडीत फिरून धरले. कुणाचा पत्रा कोणत्या साली घातला आणि तो आज कसा आहे, हे विचारत गेले.

जाड रंगीत पत्रा, मजबूत बांधणीसकट (तिचे वरचे साडेसहा हजार कशाचे ते पुढे सांगते): आज १,१४,५००, सांगाड्याला दर पाच वर्षांनी रंग असे तीन वेळचे १२,०००, पावसाळे २०. एका पावसाळ्याचे ६,३२५.

पातळ रंगीत पत्रा: आज १,०२,५६०. आठेक वर्षांत बदलायला लागणार असं धरलं, म्हणजे वीस वर्षांत दोनदा, एका वेळचे मजुरीसकट २३,२६०. रंगाचे १२,०००. एका पावसाळ्याचे ८,०५०.

सिमेंटचा पत्रा: फुटतुटीचे चार हजार आणि रंग धरून वीस पावसाळे. एका पावसाळ्याचे ६,०५०.

पॉलिकार्बोनेट: दहा वर्षांनी पत्रे नवे. एका पावसाळ्याचे ८,९५०.

मंगलोरी कौल: चाळीस पावसाळे, दरसाल परतायचे अडीच हजार आणि रंग. एका पावसाळ्याचे ७,७५०.

स्लॅब: चाळीस पावसाळे, पाच वेळा वॉटरप्रूफिंग. एका पावसाळ्याचे ७,८७५.

पान पुरं झाल्यावर दोन गोष्टी दिसल्या. आज सगळ्यात स्वस्त असलेला पातळ पत्रा पुढे स्लॅबपेक्षाही महाग पडतो. आणि लाख-सव्वा लाख एकीकडे, अडीच लाख दुसरीकडे, असे लांब वाटणारे प्रकार वर्षाच्या हिशेबात दीड-दोन हजारांच्या अंतरात येतात. म्हणजे ज्याच्याकडे आज पैसे आहेत आणि ज्याला वर बांधायचं आहे त्याने स्लॅब घातला तर तो उधळपट्टी करत नाही. ज्याच्या घरात कौलं परतणारा माणूस आहे त्याचं कौल आमच्या पत्र्याहून स्वस्त पडेल. हिशेब ज्याचा त्याने स्वतःच्या घराचा मांडायचा.

तिसरी गोष्ट मला टाळता येत नव्हती. सगळ्यात खालचा आकडा सिमेंटच्या पत्र्याचा होता.

जो खर्च वहीत येत नाही

सिमेंटचा पत्रा असं आपण म्हणतो, आणि त्या नावात अर्धी गोष्ट लपते. या पत्र्यांत बहुतेकदा सिमेंटला धरून ठेवायला अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू घातलेले असतात. पत्रा छपरावर शाबूत पडून असतो तोवर तंतू सिमेंटमध्ये अडकलेले राहतात. पत्रा कापला, भोक पाडलं, फुटला, जुना होऊन झिजला की ते हवेत येतात. डोळ्यांना दिसत नाहीत, श्वासाबरोबर फुप्फुसात जातात आणि तिथे राहतात. जागतिक आरोग्य संघटनेने अ‍ॅस्बेस्टॉसचे सगळे प्रकार कर्करोगकारक ठरवले आहेत. पन्नासहून जास्त देशांनी त्याच्या वापरावर बंदी घातली आहे. आपल्याकडे हे पत्रे आजही दुकानात मिळतात. रोग दिसायला वीस-तीस-चाळीस वर्षं जातात, त्यामुळे कुणाला पत्र्याची आठवणही होत नाही.

निसर्गच्या दुसऱ्या दिवशी आमच्या वाडीत काय झालं ते मी पाहिलं आहे. फुटलेले सिमेंटचे पत्रे लोकांनी हातांनी गोळा केले. मोठे तुकडे ग्राइंडरने कापून पुन्हा वापरले, पांढरी धूळ अंगणभर उडत होती. मुलं त्याच अंगणात होती. बारके तुकडे खड्डे भरायला रस्त्यावर टाकले, त्यांचा गाड्यांखाली चुरा झाला. कुणी कुणाला अडवलं नाही. मीही नाही. मला तेव्हा माहीत नव्हतं.

म्हणून माझ्या वहीत त्या ओळीवर काट आहे. पावसाळ्याला पावणेतीनशे रुपये वाचत होते. शेडखाली आमच्याकडे गाडी उभी राहते रात्रीपुरती. दिवसा तिथे रातांबे फुटतात, सोलं वाळतात, सुपारी सोलली जाते, नातवंडं खेळतात. ज्यांच्या घरावर असे पत्रे आधीपासून आहेत त्यांनी घाबरून उद्या ते तोडायला जाऊ नये, तोडण्यातच धोका जास्त आहे. शाबूत असतील तर राहू द्यावेत. कापू नयेत, घासून धुऊ नयेत. काढायचेच झाले तर पाण्याने भिजवून, न फोडता, तोंडावर साधा रुमाल न बांधता बारीक धुळीचा मास्क लावून अख्खे उतरवावेत. अ‍ॅस्बेस्टॉस नसलेले सिमेंटचे पत्रेही निघाले आहेत. घ्यायचे तर दुकानदाराकडून ते बिलावर लिहून घ्यावं.

साडेसहा हजारांचं काम

शेड बांधली ती माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने. शाळेत त्रिकोणमितीला कंटाळायचा, आता तालुक्यात फॅब्रिकेशनची कामं करतो. मी त्याच्यापुढे वाऱ्याचं गणित ठेवलं. त्याने कागद दोनदा वाचला आणि म्हणाला, “बाई, म्हणजे अख्ख्या छपराला एकोणीसशे किलोचा ओढा. पत्रा एकशेचाळीसचा, सांगाडा सहाशेसाठचा. मिळून आठशे. सगळी शेडच उचलेल की!”

“मग काय करशील?”

“पाये जड करतो.”

त्याने सहा खांबांखाली दोन फूट लांब, दोन फूट रुंद, अडीच फूट खोल असे काँक्रीटचे ठोकळे घातले. एकेक साडेसहाशे किलोच्या वर, सहा मिळून चार टन. खांबाची पाटी अँकर बोल्टने त्यात धरली. याचे बारा हजार मूळ भावातच होते. वरून आम्ही साडेसहा हजारांचं काम वाढवलं: खांबांमध्ये तिरपे आधार द्यायला पन्नास किलो लोखंड आणि जास्तीचे स्क्रू. मधल्या भागात एक नाळ सोडून एक, आणि चारी कडांना प्रत्येक नाळीवर. स्क्रू नाळीच्या माथ्यावर, खोलगट भागात नाही, कारण पाणी खोलगट भागातून वाहतं. डोक्याखाली रबराचा वॉशर. तो दाबून चपटा करायचा नाही, बसेल एवढाच आवळायचा. चपटा केला की दोन उन्हाळ्यांत फाटतो. वळचण दीड फुटाचीच ठेवली, कारण वारा पहिल्यांदा धरतो ती वळचण.

पत्रे आले त्या दिवशी मी शाळेच्या प्रयोगशाळेतून स्क्रू गेज मागून आणला होता. मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजणारं ते छोटं यंत्र, भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला मुलं वापरतात. पत्र्याच्या कडेला लावलं, चकती फिरवली, टिक-टिक झाली. वाचन ०.४४. बिलावर ०.५० लिहिलं होतं. आणखी चार पत्रे मोजले, तेच. दुकानदार म्हणाला, रंग आणि थर धरून पन्नास होतात. पण मोजला होता तो रंगासकटच. माल परत गेला, चार दिवसांनी दुसरीकडून आला, तो पन्नास भरला. तेव्हापासून वाडीत कुणाचेही पत्रे आले की तो स्क्रू गेज त्याच्या अंगणात जातो. दुकानात विचारायचा प्रश्न एकच: जाडी रंग धरून की रंगाशिवाय? आणि गेजमध्ये भाव सांगत असतील तर लक्षात ठेवायचं की गेजचा आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होतो.

आणखी एक गोष्ट मी संध्याकाळी त्याच्याकडून करून घेतली. पत्र्यावर स्क्रू मारताना लोखंडाचा बारीक कीस पडतो. तो तसाच राहिला तर पहिल्या पावसात गंजतो आणि पत्र्याच्या रंगावर तांबूस ठिपके पाडतो. नवा पत्रा श्रावणातच जुना दिसतो, मग लोक कंपनीला दोष देतात. माझा विद्यार्थी मऊ झाडू घेऊन वर चढला आणि अख्खं छप्पर झाडून उतरला. त्याला पंधरा मिनिटं लागली, पैसे नाहीत.

सहा हजारांची पन्हळ ह्यांना आधी जास्तीची वाटत होती. आमच्या पावसात त्या छपरावरून हंगामाला ऐंशी-नव्वद हजार लिटर पाणी उतरतं. पहिले दोन पाऊस वाहू द्यायचे, मग पाइप टाकीकडे वळवायचा. चार महिने गाडी, भांडी, गोठा, सगळं त्या पाण्यावर होतं. विहिरीचा पंप तेवढा कमी चालतो. ही जमा मी शेडच्या हिशेबात धरलेली नाही, ती वेगळ्या पानावर आहे.

ओट्यावरची उजळणी

ओट्यावर बसलेल्या माणसाला शेवटी मी पाच प्रश्न लिहून देते. छपराचा नाही, सगळ्या कामाचा भाव किती, आणि त्यात लोखंड किती किलो? पत्रा किती जाड, आणि मोजून देणार का? स्क्रू किती, कडेला किती? पाये किती खोल? आणि हे छप्पर वाडीत आधी कुणी घातलंय, किती पावसाळे झाले? ज्याला यांची उत्तरं नीट देता येतात त्याचा भाव थोडा जास्त असला तरी तो घ्यावा.

२०२५च्या वैशाखात, आगोटीच्या कामांत, विद्यार्थी शिडी घेऊन आला. मी खाली उभी राहिले, तो वर प्रत्येक स्क्रू हाताने तपासत गेला. समुद्राकडच्या कडेला चार वॉशर कडक झाले होते. ते त्याने बदलले, पन्हळीतली आंब्याची पानं काढली आणि उतरला. मजुरी घ्यायला तयार नव्हता, स्क्रूचे तेवढे चाळीस रुपये घेतले. मी वहीत लिहिलं: पावसाळा तिसरा, खर्च चाळीस.